काचेआडची दारू

गाडी आपली, बाटली आपली, कुणाच्या बापाचं काय जातंय? असं म्हणत नाक्यावर गाड्यांतून ग्लास भरतात. दोस्तांनो, हे साफ खोटं. मोटार कायद्याचं 185 कलम फक्त चालवणाऱ्याला धरतं, खरंय. पण महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा जिवंत आहे. प्यायला परवाना लागतो, गाडीत काय न् गटाराकाठी काय. बिहारच्या कायद्याचा अर्थ लावताना सुप्रीम कोर्टानं 2019 साली सांगितलं : सार्वजनिक रस्त्यावरची खाजगी गाडी ही सार्वजनिक जागाच. तरी रातपाळी सुटल्यावर बघतो, हवालदार गचांडी धरतो ती फुटपाथवरच्याची. 1956 ला नागपुरात आपल्या माणसांनी दारू न पिण्याची प्रतिज्ञा घेतली. आपण पिण्याचा हक्क मागत नाही. कायद्याचं माप एक ठेवा, म्हणतोय. काचेला सलाम नि उघड्याला दंडुका, ही मनूचीच रीत.