आगर : मिठाचे आणि झाडांचे

भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेस उतरून उत्तनच्या बसमध्ये बसले की पहिला काही वेळ आपण कोणत्याही उपनगरात असल्यासारखे वाटते. दुकानांच्या पाट्या, रिक्षांची रांग, उंच इमारती, गॅलऱ्यांत वाळणारे कपडे. मग इमारती विरळ होतात. मुर्धा, राई, मोर्वा अशी गावे लागतात, कौलारू घरांचे अवशेष दिसतात आणि वाऱ्याला खारट वास येऊ लागतो. मिठागरे, खाजणे आणि तिवरांची हिरवी किनार सुरू होते. मीरा-भाईंदरला महानगरपालिका मिळाली ती २००२ साली. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या आठ लाखांवर गेली होती. या शहराचे मूळ रूप कसे होते, हे मात्र आजही या रस्त्यावरच समजते.

येथील जुन्या रहिवाशांत आगरी समाज मोठा. ‘आगर’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. मीठ पिकते ते आगर आणि नारळी-पोफळीची बाग तेही आगर. एकाच शब्दात मीठ आणि झाड अशा एकमेकांच्या वैरी वस्तू कशा नांदतात, याचे मला कुतूहल होते. त्याचे उत्तर या वाटेवरच्या एका प्राथमिक शाळेच्या आवारात मिळाले.

मी तेथे गेलो तो बाग पाहण्यासाठी नव्हे, तर माझ्या एका रुग्णाला पाहण्यासाठी. वय सत्त्याहत्तर. तरुणपणी मिठागरात काम केलेले. गेली तीन वर्षे स्मृतिभ्रंश. एका हिवाळ्यात ते दोनदा पडले, तेव्हा मीच घरच्यांना सांगितले होते, ‘यांना आता बाहेर सोडू नका.’ सल्ला सुरक्षित होता. निदान मला तसा वाटला. चार महिन्यांनी त्यांच्या सूनबाई दवाखान्यात आल्या. सासरे रात्री जागे राहतात, दिवसा झोपतात, जेवताना घास तोंडात तसाच धरून बसतात, असे त्यांनी सांगितले आणि मग म्हणाल्या, ‘डॉक्टर, पडू नयेत म्हणून आम्ही बाबांना बसवून ठेवले, पण आता ते उठायचेच विसरत चालले आहेत.’

त्यांचे म्हणणे खरे होते. वृद्ध माणूस काही आठवडे बसून राहिला की मांड्यांचे स्नायू झपाट्याने क्षीण होतात, तोल जातो आणि ज्या पडण्याला भिऊन त्याला बसवले, ते पडणेच अधिक जवळ येते. त्यांचा नातू तिसरीत होता आणि शाळेच्या हरित सेनेत होता. शनिवारी सकाळी मुले बागेत काम करीत. ‘अर्धा तास, कोणाचा तरी हात धरून आणि उन्हाआधी,’ एवढ्या अटींवर मी आजोबांना तेथे न्यायला सांगितले. पहिल्या शनिवारी धाकधूक वाटली म्हणून मीही गेलो. जूनचा मध्य होता. शाळा नुकतीच उघडली होती आणि पाऊस अजून एकदाच शिंपडून गेला होता.

शाळांतील अशा मंडळांचा इतिहास फार जुना नाही. पर्यावरणाचे शिक्षण सर्व शाळांतून सक्तीने द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. पुढे २००१-०२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित सेनेची योजना सुरू केली आणि गावोगावच्या शाळांत मुलांची मंडळे स्थापन झाली. मध्यान्ह भोजनासाठी भाजी पिकवणारी परसबाग हा त्याच प्रयत्नाचा पुढचा भाग. कागदावर हे सारे सुबक दिसते. प्रत्यक्षात शाळेला जी माती मिळते, तिच्याशी मुलांना आणि शिक्षकांना झगडावे लागते.

या शाळेची माती भरावाची होती. कुंपणालगत विटा लावून तीन वाफे केलेले. मागच्या वर्षी त्यांत घेवडा लावला होता. पानांच्या कडा करपल्या आणि रोपे गेली. पाणी कमी पडले असे समजून बाईंनी कूपनलिकेचे पाणी वाढवले, तर उरलेली रोपेही गेली. मुले हिरमुसली होती. बाई मला हे सांगत होत्या, तोवर आजोबा वाफ्यापाशी जाऊन उभे राहिले होते. मातीवर पांढुरकी साय आली होती. त्यांनी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून बोटाच्या टोकाने ती खरवडली, जिभेला लावली आणि म्हणाले, ‘ही खार आहे. हिला पाऊस पाजा. एक पावसाळा काही पेरू नका.’

गेल्या कित्येक महिन्यांत त्यांच्या तोंडून सलग निघालेली ती सर्वांत लांब वाक्ये होती, असे सूनबाईंनी नंतर सांगितले. मातीची चव घेणे आरोग्याच्या दृष्टीने योग्य नव्हे, हे मी मुलांना तत्काळ बजावले. परंतु निदान अचूक होते.

खारी जमीन झाडाचे काय करते, हे आपल्या स्वयंपाकघरात रोज दिसते. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते. मातीत मीठ जास्त झाले की मुळांचीही तशीच गत होते. भोवती ओल असूनही त्यांना पाणी खेचून घेता येत नाही आणि झाड ओल्या मातीत तहानेने मरते. त्यात खाडीकाठच्या कूपनलिकेचे पाणी मचूळ. ते जितके घालावे तितके मीठ वाढणार. घेवडा तर मिठाला फारच नाजूक. पालक, बीट ही पिके त्या मानाने सोशिक.

कोकणातल्या खार जमिनीत भातशेती करणाऱ्यांनी यावर फार पूर्वीच उपाय शोधला. बांध घालून भरतीचे पाणी अडवायचे, पावसाचे गोडे पाणी शेतात साठू द्यायचे आणि ओहोटीला उघाडीतून ते सोडून द्यायचे. पाण्याबरोबर मीठही जाते. आजोबांना आदल्या दिवशीचे जेवण आठवत नव्हते. पण उघाडी आठवत होती. मुलांनी त्यांच्या देखरेखीखाली वाफे खणून भुसभुशीत केले, तळाशी विटांचे तुकडे घातले आणि प्रत्येक वाफ्याच्या एका कोपऱ्यातली वीट सैल ठेवली. तीच उघाडी. पाऊस साठला की वीट काढायची, पाणी वाहून गेले की परत लावायची. तोवर पालक आणि माठ पोत्यांतल्या गोड्या मातीत लावले. छपराचे पाणी झाकणाच्या पिंपात धरले.

मुलांचे दुसरे काम कुंपणापलीकडचे होते. खाजणात उतरायचे नाही, रस्त्यावरूनच पाहायचे आणि रस्त्याकडेचे प्लास्टिक गोळा करायचे, असा नियम. तिवराच्या पानावर मिठाचे बारीक कण चमकतात. हे झाड नको असलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकते. चिखलातून वर आलेली पेन्सिलीसारखी मुळे त्याच्या श्वासासाठी असतात. कांदळाचे बी झाडावरच रुजते आणि लांब शेंगेसारखे होऊन चिखलात पडते. ‘म्हणजे बाळ आईजवळच मोठे होते,’ असे एका मुलीने मला समजावले. पांढरी चिप्पी ही कांदळवनातली जात २०२० साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष ठरली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ती रात्र येथील वृद्धांच्या स्मरणात पक्की आहे. भरतीच्या लाटांचा जोर मोडणारी आणि पाण्याला पसरायला जागा देणारी ही पाणथळ जमीन का जपायची, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. मुलांना मात्र त्यांनीच ते सांगायला हवे.

वृद्धांच्या हाती झाड देण्याचा प्रयोग नवा नाही. १९७६ साली एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील एका वृद्धाश्रमात एका गटाला दैनंदिन निर्णयांची मोकळीक दिली आणि एकेक रोप सांभाळायला दिले. दुसऱ्या गटाला रोप दिले, परंतु त्याची निगा परिचारिकांकडे ठेवली. पहिला गट अधिक उत्साही आणि सावध आढळला. संख्या लहान होती, त्यामुळे त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण दोन्ही गटांपाशी रोप होते आणि फरक जबाबदारीचा होता, एवढे लक्षात ठेवण्याजोगे आहे. आपल्या ठाणे जिल्ह्यातच, मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी प्राथमिक शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. गुलाबी नऊवारीतल्या आजी तेथे अक्षरे गिरवतात आणि शाळेच्या आवारात आपापले रोपही सांभाळतात.

आता डॉक्टर म्हणून काही सूचना. बागकाम वृद्धांना हितकारक आहे, पण ते बेतानेच करावे.

उन्हाळ्यात काम सकाळी नऊच्या आत संपवावे आणि पाण्याची बाटली जवळ असावी. उकिडवे बसू नये. स्टुलावर बसून किंवा कमरेइतक्या उंच कुंडीत काम करावे. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे एकदम उठताना घेरी येते. आधी बसल्या बसल्या पाय हलवावेत, मग आधार धरून उठावे. मधुमेहींनी अनवाणी बागेत जाऊ नये. संवेदना कमी झालेल्या पायाला काटा रुतल्याचे कळतच नाही. हातमोजे घालावेत आणि धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घेतली आहे ना, हे पाहावे. साचलेल्या पावसाच्या पाण्यातून चालणे टाळावे; लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो.

कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासाव्यात. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण डेंगीच्या डासाची अंडी कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्महिने तग धरतात. घरी स्मृतिभ्रंशाचा रुग्ण किंवा लहान मूल असेल तर कण्हेर, धोतरा, डायफेनबेकिया ही झाडे हाताशी ठेवू नयेत. पान तोंडात जाण्यास क्षणही लागत नाही. बागेतला पालक सर्वांना सारखा मानवतो असेही नाही. मूत्रपिंडाचा विकार असल्यास किंवा रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिन चालू असल्यास हिरव्या भाजीचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे आणि ते एकाएकी वाढवू वा घटवू नये.

सांभाळणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. आजोबांना काम सांगताना ‘आठवते का?’ असे विचारू नये. हातात झारी द्यावी, पुढचे हात ओळखतात. आणि तो अर्धा तास मुले व बाई त्यांच्यासोबत असतील तर आपण स्वतः सावलीत बसावे. त्या सूनबाईंनी पहिल्या दोन शनिवारी सासऱ्यांचा हात सोडला नाही. तिसऱ्या शनिवारी त्या पायरीवर बसून चहा प्यायल्या. गेल्या वर्षभरात असा निवांत चहा झाला नव्हता, असे त्या म्हणाल्या. मी ते माझ्या नोंदवहीत रुग्णाच्या रक्तदाबाशेजारी लिहून ठेवले.

दिवाळीनंतर मी पुन्हा त्या वाटेने गेलो. उत्तनकडे बोंबील वाळत घालायच्या दिवसांची लगबग सुरू झाली होती. शाळेच्या वाफ्यांवरची पांढरी साय गेली होती. दोन वाफ्यांत पालक आणि बीट उगवले होते. तिसरा अजून कमकुवत दिसत होता. आजोबांचा स्मृतिभ्रंश बरा झालेला नाही आणि तो होणारही नाही. नातवाचे नाव त्यांना त्या दिवशी आठवले नाही. पण ते आता रात्री बहुधा झोपतात, घास गिळतात आणि खुर्चीतून एका हाताच्या आधाराने उठतात. मधल्या काळात ते एकदा घसरले, खरचटले. पुढच्या शनिवारी पुन्हा गेले. जाऊ द्यायचे की नाही, हा निर्णय सूनबाईंनी माझ्याकडे न येता घेतला आणि तो योग्यच होता.

मुलांनी त्यांना पालकाची पहिली जुडी दिली. ‘आजोबा, माती धुवायला तुम्हीच सांगितले होते ना!’ असे एक मुलगा म्हणाला. आजोबांनी जुडी उलटसुलट करून पाहिली आणि मान हलवली. ‘मी नाही,’ ते म्हणाले, ‘माझ्या बापाने सांगितले होते.’ मग ते तिसऱ्या वाफ्याकडे वळले आणि कोपऱ्यातली वीट नीट बसली आहे का, ते वाकून पाहू लागले. नातवाने मागून त्यांचा हात धरला होता.