विरळ हवेतली डिस्क

कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर. अमेरिकेतलं डेन्व्हर हे अख्खं शहर जवळपास तेवढ्याच उंचीवर, १,६०९ मीटरवर वसलेलं आहे. तिथून महामार्गाने पश्चिमेला निघालं की रस्ता चढतच राहतो. सुमारे ३,४०० मीटरवरचा आयझेनहॉवर बोगदा पार करून खाली उतरलं की डिलन जलाशयाच्या काठी फ्रिस्को नावाचं टुमदार गाव लागतं. खाली म्हणायचं, पण उंची २,७७० मीटर! आपलं बडोदं जेमतेम ४० मीटरवर. त्यामुळे पहिल्या दिवशी साधा जिना चढतानाही धाप लागते.

जलाशयात घुसलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्यावर, पाइनच्या झाडीत, डिस्क गोल्फचा कोर्स आहे. खेळ गोल्फसारखाच; फक्त चेंडूऐवजी प्लास्टिकची डिस्क आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लावलेली लोखंडी बास्केट. कमीत कमी फेकींत डिस्क बास्केटमध्ये टाकायची. कमाटीबागेत आपण उडवायचो त्या फ्रिसबीपेक्षा लांब फेकीची डिस्क लहान आणि कडेला निमुळती असते.

ह्यूस्टनला राहणाऱ्या ताईच्या कुटुंबाबरोबर मी सप्टेंबरमध्ये तिथे गेलो होतो. चौदा वर्षांचा भाचा घरच्या मैदानावर ८० मीटरपर्यंत डिस्क फेकतो. पुढच्याच महिन्यात त्याची पहिली स्पर्धा होती. उंचीवर हवा विरळ, म्हणजे डिस्क आणखी लांब जाणार, असा त्याचा हिशोब. डेन्व्हरच्या मैदानावर बेसबॉल लांब जातो, हे त्याला ठाऊक होतं. पण इथे त्याची डिस्क ७० मीटरच्या आतच डावीकडे वळून पडू लागली. पाच-सहा फेकी झाल्यावर तो हळूच म्हणाला, "मामा, माझ्या हातातली ताकद गेली का रे? स्पर्धेतून नाव काढून घेऊ?"

ताकद कुठेही गेली नव्हती. चेंडूला हवा मुख्यतः अडवते. डिस्क मात्र विमानाच्या पंखासारखी हवेवर तरंगते. जी हवा तिला अडवते, तीच तिला उचलूनही धरते. उन्हाळ्यातल्या ह्यूस्टनच्या तुलनेत फ्रिस्कोची दुपारची हवा साधारण पाव भागाने विरळ. तिथे तेवढाच आधार मिळवायचा, तर डिस्क जवळजवळ १५ टक्के जास्त वेगाने फेकावी लागते. तेवढा वेग नसला, तर ती हळू फेकल्यासारखी वागते. उजव्या हाताने नेहमीच्या पद्धतीने फेकलेली डिस्क वेग कमी झाला की डावीकडे झुकते. इथे ती लवकर झुकते.

थंडीचं गणित उलटं. थंड हवा दाट असते. सकाळी शून्य अंश आणि दुपारी २० अंश असतील, तर सकाळची हवा सुमारे ७ टक्के दाट. डिस्कच्या दृष्टीने कोर्स सातशे मीटर खाली उतरल्यासारखाच! पण हा फायदा हातात फारसा उरत नाही. प्लास्टिक कडक होतं, बोटं बधिर होतात, पकड सुटते, जाड जॅकेटमुळे हात पूर्ण मागे जात नाही. म्हणून खेळाडू दोन फेकींच्या मध्ये हात खिशात ऊबेला ठेवतात.

उपाय सोपा होता. भाच्याच्या हातात १७५ ग्रॅमची डिस्क होती. दुपारी त्याने १५० ग्रॅमची घेतली. वजन कमी, म्हणजे उचलून धरायला हवाही कमी पुरते. दोन-तीन फेकींत डिस्क सरळ जाऊ लागली आणि ७५ मीटरच्या पुढे पडली. ८० काही झाले नाहीत, पण नाव काढून घ्यायचा विषय पुन्हा निघाला नाही. गाडीत बसल्यावर तो ताईला सांगत होता, "आई, हात तोच आहे, हवा वेगळी आहे."

तुम्ही कधी तिकडे गेलात, तर पहिला दिवस फक्त तळ्याकाठी फिरा आणि भरपूर पाणी प्या. उन्हाळ्यात दुपारनंतर विजांचं वादळ येतं, म्हणून खेळ सकाळीच आटोपा; उघड्यावर आणि झाडांखाली थांबू नका. आणि आजी-आजोबा बरोबर असतील, तर आधी एक-दोन रात्री डेन्व्हरलाच मुक्काम करा. विरळ हवेची सवय डिस्कपेक्षा त्यांना जास्त लागते.