मधले माप

तुमच्या घरातल्या एखाद्या खणात एक लहानशी प्लास्टिकची पिशवी पडलेली असेल. कानात बसवायचा हेडफोन विकत आणला, तेव्हा ती खोक्याच्या तळाशी होती. तिच्यात रबराच्या चार टोप्या असतात : दोन लहान, दोन मोठ्या. मधल्या मापाच्या दोन टोप्या हेडफोनला आधीच लावलेल्या असतात. आपण हेडफोन कानात घालतो, तो तेथे कसाबसा टिकतो, आणि ती पिशवी खणात जाते ती कायमची. दुकानात या टोप्यांना नुसते ‘रबर’ म्हणतात. खोक्यावर ‘इअरटिप’ असे छापलेले असते. आज मला तुमच्याशी त्या पिशवीविषयी बोलायचे आहे.

विषय क्षुल्लक वाटेल. मलाही तो बरीच वर्षे तसाच वाटत होता.

मी तुमच्यासारखीच मुक्त विद्यापीठाची विद्यार्थिनी होते, तेव्हा माझे घर केजला आणि नोकरी बीडला होती. सकाळी दीड तास आणि संध्याकाळी दीड तास, असा एसटीतला वेळ हाच माझ्या अभ्यासाचा वेळ. संपर्कसत्रातील व्याख्याने एक मैत्रीण मोबाइलवर मुद्रित करून मला पाठवीत असे, आणि मी ती खिडकीजवळच्या जागेवर बसून ऐकत असे. एकदा मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’वरचे व्याख्यान होते. संध्याकाळची वेळ, गाडी मांजरसुंब्याचा घाट चढत होती. प्रत्येक गिअरबरोबर सरांचा आवाज बुडे आणि पुन्हा वर येई. घरी येऊन वही पाहिली, तर ‘अद्वैत’ या शब्दाच्या जागी चार ठिकाणी मी ‘द्वैत’ लिहिले होते. एका ‘अ’कारासह सगळे तत्त्वज्ञान इंजिनाच्या घरघरीत वाहून गेले होते!

यावर मी जो उपाय केला, तोच बहुतेक जण करतात. मी आवाज वाढवला. पुढच्या आठवड्यात आणखी वाढवला. मोबाइल पडद्यावर सावधगिरीची सूचना दाखवी. मी ती अंगठ्याने बाजूला सारी. सरांचा आवाज मोठा झाला, पण स्पष्ट झाला नाही. ‘स’, ‘श’, ‘च’ हे वर्ण कानाला बोचू लागले आणि आवाजातला भरीवपणा मात्र कोठे आढळेना. मग एका रात्री अंथरुणावर पडले असता रातकिडा ऐकू आला. उठून खिडकी बंद केली. रातकिडा तसाच ओरडत राहिला. तो बाहेर नव्हता.

त्या रात्री मला अण्णांची, माझ्या वडिलांची, आठवण झाली नाही, हे मी कबूल करते. खरे तर ते भिंतीपलीकडच्या खोलीतच झोपले होते. अण्णांनी उभे आयुष्य कापसाच्या जिनिंगमध्ये काढले. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की पाळीचे आठ तास यंत्रांच्या रांगेत उभे राहायचे. कानात घालायला काही द्यावे, असे त्या काळी कोणाला सुचले नाही. पन्नाशीत त्यांचे ऐकणे उतरू लागले. बाजारात ‘साठ’ म्हटलेले त्यांना ‘आठ’ ऐकू येई. पुढे एका शिबिरात त्यांना श्रवणयंत्र मिळाले. ते सारखी शिटी वाजवी. महिनाभराने अण्णांनी ते देवळीत ठेवून दिले आणि आम्ही त्यांच्याशी ओरडून बोलू लागलो. ‘म्हातारा हट्टी आहे, मशीन घालत नाही,’ असे घरात सगळेच म्हणत. मीही म्हणे.

सोनारानेच कान टोचावे, असे आपल्याकडे म्हणतात. माझे कान टोचले ते बसस्थानकासमोर मोबाइलचे दुकान चालवणाऱ्या एका मुलाने. नवा, अधिक मोठ्या आवाजाचा हेडफोन द्या, असे मी त्याला म्हणाले. त्याने माझा जुना हेडफोन पुसून स्वतःच्या कानाला लावून पाहिला आणि परत दिला. ‘‘ताई, हेडफोन चांगलाय. रबर बसंना तुमच्या कानाला. सोबतची पिशवी कुठंय?’’

पिशवी खणातच होती. घरी जाऊन मी एकेक टोपी लावून पाहिली. उजव्या कानाला मधली, डाव्याला लहान, असा मेळ जमला आणि मी चकित झाले. आवाज निम्म्यावर आणला, तरी सर जणू शेजारच्या बाकावर येऊन बसले होते.

असे का होते, हे समजून घेण्यासाठी सायकलचा पंप आठवा. नळीचे तोंड बोटाने घट्ट बंद करून दट्ट्या दाबला, तर आत दाब तयार होतो. बोट किंचित सैल सोडून दट्ट्या हळू दाबला, तर हवा फटीतून निघून जाते आणि दाब होत नाही. झटका दिला, तर मात्र फट असूनही थोडा दाब जाणवतोच. हेडफोनमधला पडदा नखाएवढा असतो आणि तो फार थोडी हवा हलवतो. कानाची नळी बंद असेल, तर तेवढी हवा पुरते. फट राहिली, तर हळू हेलकावणारे खर्जाचे स्वर आधी निसटतात. वेगाने थरथरणारे उंच पट्टीचे स्वर बऱ्याच अंशी टिकतात. म्हणून आवाज पातळ आणि बोचरा होतो. त्यातच जी फट आतला आवाज बाहेर सोडते, तीच बाहेरची घरघर आत घेते. दोन्ही बाजूंनी नुकसान होते आणि ते आपण अंगठ्याने भरून काढू पाहतो.

या अंगठ्याची किंमत मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत ऐकणे प्रौढ माणसासाठी सुरक्षित आहे. आवाज 90 डेसिबल झाला, की हीच मर्यादा 4 तासांवर येते. माझा प्रवास आठवड्याला 18 तासांचा होता. गोंगाटाने जाणारे ऐकणे आधी उंच पट्टीतले जाते आणि सहसा परत येत नाही. अण्णांचा ‘साठ’मधला ‘स’ असाच गेला होता. त्यांच्यापुढे निवड नव्हती. पोटासाठी ते त्या यंत्रांजवळ उभे राहिले. मी मात्र तेच नुकसान स्वतःच्या हाताने, विकत घेऊन करीत होते.

तेव्हा तुम्हीही तुमचे माप शोधा. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांबीची, किंचित वळणाची आणि गोल नव्हे तर लंबगोल असते. माणसामाणसात ती वेगळी असते, आणि एकाच माणसाचे दोन कानही नेहमी सारखे नसतात. म्हणून प्रत्येक कान स्वतंत्रपणे पाहावा. टोपी बसवताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढावी. त्यामुळे नळीचे वळण सरळ होते व टोपी सहज आत बसते. मग ओठ मिटून हुंकार द्यावा. तो डोक्यात घुमल्यासारखा वाटला, तर कान बंद झाला आहे. दुसरी परीक्षा तबल्याच्या डग्ग्याची किंवा पखवाजाची. डाव्या हाताचा घुमारा ऐकू आला, तर माप बरोबर. नुसती टिचकी ऐकू आली, तर फट आहे. जबडा हलवूनही पाहावे, कारण बोलताना आणि चावताना नळीचा आकार बदलतो. माप जुळलेले असेल, तर टोपी तेवढ्याने निसटत नाही.

मोठे माप म्हणजे चांगले माप, असे मात्र नाही. अर्ध्या तासाने कान दुखू लागला, तर ती टोपी तुमची नव्हे. सिलिकॉनची टोपी कोणत्याच मापात जमत नसेल, तर फोमची मिळते. ती बोटांनी चेपून आत घालायची आणि फुगेपर्यंत काही क्षण धरून ठेवायची. ती नळीच्या आकाराप्रमाणे बसते आणि बाहेरचा गोंगाटही चांगला अडवते. मात्र काही महिन्यांत तिचा फुगीरपणा जातो व नवी घ्यावी लागते. सिलिकॉनची टोपी काढून कोमट साबणाच्या पाण्याने धुता येते. पूर्ण वाळल्यावरच ती परत लावावी. टोपी हेडफोनच्या तोंडावर घट्ट बसते की नाही, हेही पाहावे, नाहीतर हेडफोन बाहेर येतो आणि टोपी कानात राहते. तशी ती राहिलीच, तर चिमटा न घालता डॉक्टरांकडे जावे. कान वाहत असेल किंवा दुखत असेल, तर हे प्रयोग करूच नयेत. आणि चांगला बंद झालेला कान रस्त्यावर धोक्याचा असतो. गाडीतून उतरण्यापूर्वी मी हेडफोन काढून पिशवीत ठेवते. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज मला ऐकू यायलाच हवा.

माझी गोष्ट येथे संपली असती. पण एका रविवारी देवळीतली धूळ पुसताना अण्णांचे श्रवणयंत्र हाती आले. त्याच्या नळीच्या टोकाला रबराचे एक बोंड होते : तयार, मधल्या मापाचे, आणि आता वाळून कडक झालेले. मी ते हातात घेऊन उभी राहिले. कीर्तनाच्या मंडपात माइक कर्ण्यासमोर आला, की कशी किंकाळी उठते, ते तुम्ही ऐकलेच असेल. यंत्राने मोठा केलेला आवाज फटीतून बाहेर येतो, यंत्राचा माइक तो पुन्हा पकडतो, पुन्हा मोठा करतो, आणि शिटी वाजते. अण्णांचे दात पडले होते, अंग झडले होते. अशा वेळी कानाच्या नळीचा आकारही बदलतो. त्या बोंडाने त्यांचा कान बंद होतच नव्हता. अण्णा हट्टी नव्हते. त्यांच्या कानात इतकी वर्षे शिटी वाजत होती आणि आम्ही त्यांना नावे ठेवीत होतो.

आम्ही अंबाजोगाईला गेलो. तेथे 1974 पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे आजारपणाची आमच्याकडची वाट त्या गावाकडेच वळते. मुकुंदराजांची समाधीही त्याच गावात. ज्या ग्रंथावरचे व्याख्यान मला धड ऐकू आले नव्हते, त्याच्या कर्त्याच्या गावी मी वडिलांचे कान दाखवायला आले होते. श्रवणतज्ज्ञ बाईंनी आधी कान तपासून साफ करून घेतला. मग दोरा बांधलेला कापसाचा छोटा बोळा आत बसवला आणि मऊ लगदा हळूहळू कानात भरला. काही मिनिटांत तो घट्ट झाला. बाहेर काढलेला तो ठसा एखाद्या लहानशा शंखासारखा दिसत होता.

अण्णा तरुणपणी भजनात पखवाज वाजवीत. त्यांनी तो ठसा तळहातावर घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, ‘‘पखवाजाला कणीक लावतेत, तसंच की हे!’’ बाईंना ते कळले नाही. मी समजावून सांगितले. पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक थापतात. ती थोडी जास्त झाली किंवा कमी पडली, तर नाद बसत नाही. वाजवणारा बोटभर काढतो, बोटभर लावतो, आणि कानाला पटेपर्यंत थांबत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर अशी मापे जुळवली, त्याला आम्ही तयार माप देऊन गप्प बसवले होते.

ठशावरून साचा तयार होऊन आला. शिटी थांबली. पण अण्णांची नवी तक्रार सुरू झाली : स्वतःचाच आवाज घागरीत बोलल्यासारखा घुमतो. बाईंनी साच्याला बारीक छिद्र पाडून दिले. छिद्र मोठे केले असते, तर शिटी परत आली असती. अजिबात नसते, तर घागर राहिली असती. माप म्हणजे केवळ घट्ट बंद करणे नव्हे, हे मी त्या दिवशी शिकले.

श्रवणयंत्राने गेलेले ऐकणे परत येत नाही. चार माणसे एकदम बोलू लागली, की अण्णा आजही गोंधळतात. भजनात टाळांचा आवाज यंत्रातून सहन होत नाही, म्हणून देवळात बसल्यावर ते यंत्र काढून खिशात ठेवतात आणि पखवाजाच्या अगदी जवळ जाऊन बसतात. पण त्या पहिल्या संध्याकाळी मी नेहमीच्या सवयीने दारातूनच ओरडले, ‘‘अण्णा, जेवायला चला!’’ त्यांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर त्रासिक भाव होता.

‘‘हळू बोल,’’ ते म्हणाले. ‘‘ऐकू येतंय मला.’’

मी पुढे येऊन त्यांच्याजवळ बसले. इतक्या वर्षांत आम्ही त्यांच्याशी फक्त कामापुरते बोलत होतो, कारण ओरडून फक्त कामापुरतेच बोलता येते. त्या रात्री अण्णांनी जिनिंगमधल्या एका रात्रपाळीची गोष्ट सांगितली. मी ती पूर्वी कधी ऐकली नव्हती.

तुमच्या खणातली पिशवी अजून असेल, तर आज ती काढा. आवाज वाढवण्यापूर्वी एकेक टोपी लावून पाहा. आणि घरात एखादे श्रवणयंत्र देवळीत पडून असेल, तर ते वापरणाऱ्याला नावे ठेवण्याआधी त्याच्या टोकाचे ते बोंड एकदा हातात घेऊन बघा.