लेकीची सायकल

पुण्यात बिबवेवाडीला जे राहतात त्यांना अप्पर डेपोकडून खाली उतरणारा रस्ता ठाऊक असेल. चढताना रिकाम्या हाताच्या माणसालाही धाप लागते आणि उतरताना सायकलला पायडल मारावे लागत नाही. या उताराच्या आजूबाजूच्या गल्ल्यांतून आमच्या वस्तीतील पोरांचा सायकलींचा उद्योग चालतो. त्यापायी गेल्या वर्षी आमच्या घरात जे घडले ते सांगावे म्हणून आम्ही दोघे नवरा-बायको मिळून हे लिहीत आहोत. आमच्यापैकी एक मार्केट यार्डात टेम्पो चालवतो आणि एक मेसमध्ये पोळ्या लाटते. लिहिण्याची सवय दोघांनाही नाही. कमी-अधिक झाल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

सायकल आमच्या घराला नवी नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर मुलांचे आजोबा गाव सोडून पुण्यात आले आणि गवंड्याच्या हाताखाली कामाला लागले. पहिल्या काही महिन्यांच्या मजुरीतून त्यांनी जुनी काळी सायकल घेतली. हँडलला डबा आणि कॅरिअरला घमेले बांधून ते आज कोथरूड, उद्या येरवडा असे कामावर जात. त्या काळी पुण्याला सायकलींचे शहर म्हणत. गिरणीतला, कारखान्यातला, कचेरीतला, सगळा माणूस सायकलवर. सायंकाळी दिवा नसला तर दंड, डबलसीट दिसले तरी दंड. म्हणून चौक आला की आजी खाली उतरून चालत आणि चौक ओलांडून पुन्हा मागे बसत. चाळीस वर्षे आजी त्या सायकलच्या मागे बसल्या. हँडल मात्र त्यांच्या हाती कधीच आले नाही आणि द्यावे असे कोणाच्या मनातही आले नाही.

आमच्या लहानपणी भाड्याची सायकल मिळे. तासाला आठ आणे. उंची कमी म्हणून दांडीखालून पाय घालून अर्धे पायडल मारायचे. गुडघे फुटायचे, पण तास वाया जाऊ द्यायचा नाही. हे आम्ही दोघे म्हणतो खरे, पण हा अनुभव आमच्यापैकी एकाचाच आहे. दुसरी त्या वेळी धाकटी भावंडे कडेवर घेऊन दारात उभी राहून बघत होती.

पुढे हप्त्यावर मोटारसायकली आल्या आणि काळी सायकल भंगारात गेली. सायकल म्हणजे गरिबी, असे सगळ्यांनाच वाटू लागले. आम्हालाही वाटले.

आता पोरांकडे वळू. वस्तीत सात-आठ पोरांचा मेळ आहे. त्यांच्या सायकली बुटक्या, २० इंची चाकांच्या, उंच हँडलच्या आणि बसकी सीट असलेल्या. पोरे त्यांना बीएमएक्स म्हणतात. हा प्रकार १९७० च्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्नियाकडच्या पोरांनी सुरू केला. मोठी माणसे मातीच्या वाटेवर मोटारसायकली पळवीत, ते बघून पोरांनी छोट्या सायकली तशाच उड्या मारीत पळवल्या. पुढे तो खेळ इतका वाढला की २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्याची शर्यत आली आणि टोकियोला कसरतींची स्पर्धाही झाली. थोडक्यात, मोटारसायकल नसलेल्या पोरांनी काढलेला हा खेळ आहे.

आमच्या पोरांच्या सायकली दुकानातल्या नव्हेत. बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथून कोणी फ्रेम आणतो, कोणी चाक. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड काढून टाकतात, म्हणजे वजन घटते. वस्तीच्या तोंडाशी सायकल दुरुस्ती करणारे एक काका आहेत. त्यांनी पोरांना पंक्चर काढायला, आरे ओढून चाकाचा आऊट काढायला आणि छर्रे बदलायला शिकवले. पैसे घेतले नाहीत, पण अट घातली की पाना जिथून उचलला तिथेच ठेवायचा. पोरांनी एक पत्र्याचा डबा केला आहे. दर रविवारी ज्याला जमेल तो त्यात पाच-दहा रुपये टाकतो आणि ज्याची सायकल मोडेल त्याचा खर्च त्यातून भागतो. हे नियम त्यांना कोणी मोठ्यांनी घालून दिलेले नाहीत.

कसरत म्हणजे तरी काय? पुढचे चाक उचलून मागच्या चाकावर चालायचे. किंवा दोन्ही चाके उचलून विटेवरून उडी घ्यायची. उडीत आधी हँडल ओढून पुढचे चाक वर आणायचे आणि लगेच अंग पुढे लोटून पायांनी मागचे चाक उचलायचे. हे एकेका पोराला जमायला महिने लागतात. एक पडला की दुसरा सायकल उचलतो आणि तिसरा पाणी आणतो. हसतात, पण पाचव्या मिनिटाला तो पुन्हा सायकलवर असतो.

जागा मात्र नाही. जवळच्या एका सोसायटीसमोर गुळगुळीत रस्ता आहे. तिथून पोरांना हाकलले गेले. हाकलताना कोणत्या वस्तीतले, हेही विचारले गेले. मोठ्या रस्त्यावर जावे तर तिथे मरण. २००६ च्या अखेरीस स्वारगेट-कात्रज रस्त्यावर बीआरटी आली, तिच्या कडेने सायकलींसाठी पट्टेही आखले गेले. २०१७ साली पुण्यासाठी सर्वंकष सायकल आराखडाही मंजूर झाला. पण पट्ट्यावर कुठे दुचाकी उभ्या, कुठे हातगाडी, कुठे विजेची पेटी. सायकलवाला पुन्हा बसच्या आणि ट्रकच्या मध्ये. म्हणून पोरे गल्लीत खेळतात आणि गल्लीतल्या शिव्या खातात.

आमचा थोरला या मेळात अकराव्या वर्षी शिरला. एकदा विटेवरून उडी मारताना तोंडावर आपटला. हनुवटीला तीन टाके पडले. आम्ही रागावलो, हळद-दूध दिले आणि तिसऱ्या दिवशी तो पुन्हा सायकलवर होता. शेजारी विचारू लागले, तेव्हा आम्ही अभिमानाने म्हणालो, "पोराची जात, पडणारच!"

धाकटी चौदा वर्षांची. भावाच्या मागे मागे जाऊन ती चाकाचा आऊट काढायला शिकली. मेळात तिच्याइतके चाक सरळ कोणी करत नाही, असे ते काकाच सांगत. थोरला कॉलेजात गेल्यावर त्याची सायकल तिने घेतली. पोरांनी तिला घेतले, त्यांची काही तक्रार नव्हती. तक्रार आली ती दारादारांतून. "एवढी मोठी मुलगी, पोरांत काय उड्या मारते?" आम्ही ऐकून न ऐकल्यासारखे करीत होतो, पण मनात ते बसत होते.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर ती उतारावर पडली. पुढचा एकच ब्रेक घट्ट दाबला आणि हँडलवरून पुढे फेकली गेली. हात टेकला आणि मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लॅस्टर. त्याच रात्री आम्ही सायकल उचलून भिंतीवरच्या खिळ्याला टांगली. आमच्यात त्यावर दोन शब्दांचीही चर्चा झाली नाही. सायकल टांगायची, हे जणू ठरलेलेच होते.

प्लॅस्टर निघाले त्या दिवशी तिने विचारले, "मम्मी, दादा पडला तेव्हा सायकल टांगली होती का?"

आम्ही म्हणालो, "तुझं हाड मोडलंय."

"मग भरलं ना आता. दादाचे टाके भरल्यावर तुम्ही त्याला कुठं अडवलं?"

याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. जे होते ते तोंडावर आणणे कठीण होते. २०२१ साली आमच्याच बिबवेवाडीत, खेळाच्या सरावाला आलेल्या एका शाळकरी मुलीचा जीव घेतला गेला. त्या दिवसापासून या भागातल्या प्रत्येक आईबापाच्या पोटात एक गोळा आहे. मुलीला यायला दहा मिनिटे उशीर झाला तरी आमच्यापैकी एकजण दारात उभा असतो. सायकल आम्ही हाडाच्या भीतीने टांगली की या भीतीने, की शेजारणींच्या बोलण्याने? आम्ही दोघे त्या रात्री जागे राहून हेच बोलत होतो. तिन्हीचे थोडे थोडे होते. पण शिक्षा मात्र ज्या मुलीने काहीच केले नव्हते तिला झाली होती.

सकाळी मुलांच्या आजीने आमचे बोलणे ऐकले होते असे कळले. चहा पिता पिता त्या म्हणाल्या, "ह्यांच्या मागं जन्मभर बसले मी. ते आजारी पडले तेव्हा सायकल दारात उभी होती आणि मी डबा घेऊन दवाखान्यापर्यंत चालत जायची. येत असती चालवायला, तर गरम डबा पोचला असता." एवढे बोलून त्या भांडी घासायला गेल्या.

मुलीच्या शाळेतल्या बाईंनी आम्हाला एक हकीगत सांगितली. तामिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या एक-दोन वर्षांत साक्षरतेच्या मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवण्याची चळवळ उभी राहिली. शेतमजूर, दगडखाणीत राबणाऱ्या, अशा हजारो बायका सायकल शिकल्या. लोकांनी नावे ठेवली, तरी त्या थांबल्या नाहीत. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी दांडीच्या सायकली घेतल्या. दांडीवर पोर बसवता येते, हा वर फायदा! २००६ साली बिहार सरकारने नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली, त्यानंतर शाळा गाठणाऱ्या मुली वाढल्या. आणि टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये २०२१ साली बीएमएक्सच्या शर्यतीत सोने जिंकणारी इंग्लंडची बेथनी श्रायव्हर लहान मुलांच्या शाळेत मदतनीस म्हणून अर्धवेळ काम करीत होती. मुलींच्या संघाचा सरकारी निधी थांबला, तेव्हा तिने लोकांकडून वर्गणी जमवून सराव चालू ठेवला होता.

आमची मुलगी ऑलिंपिकला जाईल असे आम्हाला वाटत नाही आणि आम्ही तिला तसे सांगतही नाही. पण त्या रविवारी सायकल खिळ्यावरून उतरवली. अटी घातल्या, आणि त्या थोरल्यालाही लागू केल्या. दोन्ही ब्रेक चालू पाहिजेत आणि ते एकदम नव्हे, बेताने दाबायचे. डोक्यावर हेल्मेट हवे. उतारावर कसरत नाही. अंधार पडायच्या आत घरी यायचे. थोरला कुरकुरला. "माझ्यावर का अट?" म्हणाला. त्याला म्हटले, हेच तुझ्या बहिणीने विचारले होते.

बाकीच्या आयांनाही बोलावले. आता संध्याकाळी आळीपाळीने दोघी-तिघी गल्लीच्या तोंडाशी भाजी निवडत बसतात. मुलींना घरात ठेवून भीती जात नाही, ती फक्त आत येऊन बसते. त्यापेक्षा मोठी माणसे बाहेर बसलेली बरी, असे आम्हाला वाटते. मेळात आता आणखी दोन मुली आल्या आहेत. नावे ठेवणारे अजून ठेवतात. मनगट थंडीत अजून दुखते आणि ती पडली की आमच्या काळजाचा ठोका अजून चुकतो. हे सगळे सुटले असे आम्ही म्हणणार नाही. खेळायला जागा तर अजूनही नाही.

मुलगी सकाळी त्याच सायकलवर सहकारनगरच्या बाजूला शाळेत जाते. बसचे पैसे वाचतात, ते ती पत्र्याच्या डब्यात टाकते. परवा तिने आईला गल्लीत सायकलवर बसवले आणि मागून सीट धरून पळत होती. चाळीशी उलटलेली बाई तिसऱ्या घरापर्यंत गेली आणि पडली. गुडघा फुटला. सगळी गल्ली हसली. पोरांनी सायकल उचलली, कोणी पाणी आणले.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्या घरी एखादी सायकल खिळ्याला टांगलेली असेल, तर ती कोणासाठी टांगली आहे तेवढे एकदा स्वतःला विचारा. आमच्या घरातला खिळा आता रिकामा आहे. त्याला आम्ही हेल्मेट अडकवतो.