सर्वणची ओसरी आणि फातोर्ड्याचे मैदान

डिचोली शहराच्या लगतच सर्वण गाव आहे. पंचायत कारापूर-सर्वण अशा जोडनावाने चालते. पलीकडे वाळवंटी नदीच्या काठची साखळी. डिचोली तालुका म्हटला की परक्या माणसाच्या डोळ्यांपुढे खनिजाची तांबडी धूळ तेवढी उभी राहते. त्याने एप्रिलात एकदा या बाजूला यावे. काजूच्या बोंडांचा आंबूस-गोड वास वाटेवरच पाहुण्याला सामोरा येतो.

सासष्टी-बार्देशातील आमच्या बांधवांची अशी समजूत असते की, गोव्यातील फुटबॉल हा त्यांचाच. आरंभ तिकडे झाला, हे मान्य केले पाहिजे. १८८३ साली शिवोली येथे फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी हा खेळ प्रथम आणला, असे सांगतात. (हे लिहिताना एका धर्मगुरूला थोडा अभिमान वाटला, तर वाचक क्षमा करतील.) परंतु १९९९ साली सेझा कंपनीची फुटबॉल अकादमी निघाली ती साखळीस, म्हणजे सर्वणच्या शेजारीच. तेव्हा या खेळाचे वेड डिचोलीकडे नाही, असे कोणी म्हणू नये.

शनिवार, ५ एप्रिल २०२५ रोजी आमचे सर्वणला जाणे झाले. एफ. सी. गोवा हा आपला संघ त्या मोसमात इंडियन सुपर लीगच्या साखळी सामन्यांत दुसरा आला होता. उपांत्य फेरीत तेव्हा दोन सामने असत व दोन्हींतील गोल एकत्र मोजत. पैकी पहिला, २ एप्रिलचा, बंगळूर येथे दोन गोलांनी गमावलेला. दुसरा रविवारी मडगावला, फातोर्ड्याच्या मैदानावर व्हावयाचा होता. ज्या घरी आम्ही गेलो, तेथे ओसरीवर बापलेकांचा वाद ऐन रंगात आला होता.

“ह्या पोरांनी आम्हांला काय कमी दिले, सांगा फादर!” वडील म्हणाले. संघ २०१४ साली स्थापन झाला. २०१९ साली सुपर कप, २०२१ साली ड्युरंड कप. २०१९-२० च्या मोसमात लीगमध्ये पहिला क्रमांक, आणि त्यामुळे आशियाई चँपियन्स लीगच्या गटसामन्यांत खेळणारा पहिला भारतीय संघ कोणता, तर आपला. एवढ्याशा गोव्याला एवढा मान! त्यांचा स्वर कृतज्ञतेने भरून आला होता.

मुलाला यातले काहीच नाकबूल नव्हते. “पण बाबा, घास तोंडाशी येतो आणि पडतो, त्याचे काय?” असे म्हणून त्याने दुसरी यादी उघडली. २०१५ ची अंतिम लढत फातोर्ड्यालाच झाली. शेवटच्या काही मिनिटांत आपण २-१ ने पुढे गेलो, आणि चेन्नईने ३-२ असा चषक नेला. २०१९ चा अंतिम सामना वाढीव वेळेतील एका गोलाने बंगळूरने जिंकला. २०२४ चा एप्रिल तर त्याला आठवतही नव्हता, असे तो म्हणाला, व लगेच मिनिटामिनिटाने सांगू लागला: उपांत्य सामना, नव्वदावे मिनिट, मुंबईविरुद्ध आपले दोन, त्यांचे शून्य, आणि पंचाची शेवटची शिटी वाजली तेव्हा त्यांचे तीन!

घरधनीण इतका वेळ काजूच्या बिया निवडीत बसली होती. तिने मान वर न करता विचारले, “एवढा राग आहे, तर उद्याचे तिकीट कशाला काढलेस?”

मुलापाशी उत्तर नव्हते. आमच्यापाशीही चटकन नव्हते. वाळवंटात इस्राएली लोक रोज मान्ना खात आणि रोज कुरकुरही करीत. आपण प्रवचनात त्यांना कृतघ्न ठरवून मोकळे होतो. पण ज्याने काहीच दिले नाही, त्याच्यावर कोण रुसतो? मुलाचा राग वडिलांच्या कृतज्ञतेहून फार दूरचा नव्हता, असे आम्हांस वाटते. मात्र खेळाडूच्या नावाने मोबाईलवर शिव्या लिहिणे निराळे. तेथे रुसवा संपून दगडफेक सुरू होते. दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्तकाळातील पाचवा रविवार होता, आणि मिस्सातील शुभवर्तमान नेमके पहिला दगड कोणी मारावा, याविषयीचे होते. आम्ही प्रवचनात फुटबॉलचे नाव काढले नाही. तरुण मंडळी मात्र आपसांत हसत होती.

सायंकाळी बापलेक दोघेही फातोर्ड्याला गेले. आपण दोन गोल केले. दुसरा ८८ व्या मिनिटाला. हिशेब बरोबरीत आला. मग दुखापतींच्या भरपाईच्या मिनिटांत सुनील छेत्रीने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला आणि सारे संपले. रात्री फोंड्यामार्गे परतताना गाडीत कोणी बोलले नाही, असे नंतर कळले.

३ मे रोजी भुवनेश्वर येथे आपल्या संघाने जमशेटपूरला ३-० असे हरवून पुन्हा सुपर कप जिंकला. वडिलांनी ही वार्ता आम्हांला दूरध्वनीवरून मोठ्या आनंदाने कळविली. मागून मुलाचा आवाज आला:

“जिंकले खरे; पण फातोर्ड्याला नव्हे, बाबा!”