उएनोची इंदिरा

बालमित्रांनो, कधी टोकियोला गेलात, तर उएनोला जरूर जा. रेल्वे स्टेशनाला लागूनच मोठं उद्यान आहे. वसंतात तिथे चेरीची झाडं फुलतात, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. याच उद्यानात जपानमधलं सर्वांत जुनं, १८८२ साली सुरू झालेलं प्राणिसंग्रहालय आहे. आत मेलेल्या प्राण्यांचं एक स्मारक आहे. तिथे क्षणभर थांबा.

१९४३ साल. महायुद्ध चालू होतं. बाँब पडून पिंजरे फुटले, तर जनावरं शहरात शिरतील, म्हणून त्यांना मारून टाकायचा हुकूम सुटला. वाघ-सिंह गेले. हत्ती होते तीन. विष घातलेले बटाटे काही ते खाईनात. मग त्यांचं खाणंच बंद केलं. रखवालदार दिसला की काहीतरी मिळेल, या आशेनं ते बिचारे शिकवलेल्या कसरती करून दाखवत. अखेर तिघेही उपाशी मेले.

युद्ध संपलं. टोकियोची राखरांगोळी झाली होती. खरा हत्ती कसा दिसतो, हे तिथल्या लहान मुलांना ठाऊकच नव्हतं. मग त्यांनी काय केलं, सांगा बरं? थेट आपल्या पंतप्रधानांना, पंडित नेहरूंना पत्रं लिहिली! एक-दोन नव्हे, आठशेहून जास्त. मागणं एकच, आम्हाला हत्ती पाठवा.

आता जपान म्हणजे युद्धातला शत्रू. १९४२ पासून तीन वर्षं अंदमान जपानी सैन्याच्या ताब्यात होतं. तिथल्या लोकांचे फार हाल झाले. 'तुमचं तुम्ही बघा' असं आपल्याला म्हणता आलं असतं. पण मुलांनी कुठे युद्ध केलं होतं?

नेहरूंनी म्हैसूरकडची एक हत्तीण पाठवली आणि तिला आपल्या मुलीचं नाव दिलं, इंदिरा. सप्टेंबर १९४९ मध्ये बोटीनं ती टोकियोला पोचली. ही भेट भारतातल्या मुलांनी जपानच्या मुलांना दिली आहे, असं नेहरूंनी पत्रात कळवलं. गंमत म्हणजे इंदिराबाईंना फक्त कानडी कळायचं! उएनोच्या रखवालदारांना आधी ते शब्द शिकावे लागले. १९५० साली तिला जपानमधल्या कितीतरी गावांतून फिरवून आणलं. १९५७ साली नेहरू स्वतः तिला भेटायला गेले.

मोठ्या माणसांचं कामही मागे राहिलं नाही. १९५२ साली भारतानं जपानशी स्वतंत्र तह केला आणि युद्धाची नुकसानभरपाई मागायची नाही, असं ठरवलं. तहाचे कागद दप्तरात राहतात. इंदिरा मात्र रोज मुलांच्या डोळ्यांसमोर होती.

आपलं रान सोडून इतक्या लांब जाताना त्या मुक्या जिवाला काय वाटलं असेल? ते तिला कोणी विचारलं नाही. १९८३ साली ती उएनोतच गेली.

कधी एखादे जपानी आजोबा भेटले, तर 'उएनोची इंदिरा' एवढंच म्हणून बघा. कदाचित तेच तुम्हाला पुढची गोष्ट सांगतील!