समुद्रकाठची गल्ली

पणजीजवळ, दोनापावलाच्या किनाऱ्यावर ‘सिदाद दे गोवा’ हे हॉटेल आहे. वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी १९८२ साली ते पुरे केले. हॉटेल कसले, एक गावच म्हणा ना! अरुंद वाटा, मधेच चौक, भिंतींवर चितारलेल्या खिडक्या नि माणसे. खरे-खोटे ओळखताना पाहुणा गमतीने फसतो.

आम्हां किल्लारीकडच्यांना मात्र भिंत म्हटली की ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. दगडमातीच्या जाड भिंतींनी झोपेतच हजारोंचे प्राण घेतले. नवी किल्लारी दूर वसली. घरे सुटी सुटी, रस्ते सरळ, रुंद. पण जुन्या गल्लीची सावली नि शेजार त्या आखणीत मावला नाही. चार दिवसांच्या पाहुण्याला जी गल्ली हौसेने मिळते, ती जन्मभर राहणाऱ्याला भक्कम भिंतींसह का मिळू नये?